मत्सराची चतुर्थी

आयुष्यात ज्या एका माणसाचा मला मनापासून मत्सर वाटला, ती माझ्याच बाकावर बसत असे. वर्गात बाक पुष्कळ होते, पण विद्यार्थिनी दोनच होत्या आणि सरांचा आवाज बारीक होता, म्हणून आम्ही दोघी पहिल्या बाकावर. म्हणजे दुरून जळायचीही सोय नव्हती. तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं. तिला उत्तर येत असलं की ती आधी पायातल्या चपला काढून ठेवायची, जणू आता देवळात शिरायचंय. चपलांचा तो आवाज झाला की माझ्या पोटात दुखायला लागायचं.

विषय होता लॅटिन. अमरावतीत लॅटिन कशाला, असं आज कोणीही विचारील. तेव्हाही विचारायचे. इंग्रजांच्या काळापासून आमच्या कॉलेजात संस्कृत, पाली, फारसी यांच्या रांगेत लॅटिन होतं. साहेब गेले, साहेबांची मुलं गेली, पण विषय तेवढा राहिला, कारण तो शिकवणारे सर अजून निवृत्त व्हायचे होते. सर नगरकडचे ख्रिस्ती. तरुणपणी पाद्री व्हायला म्हणून लांब कुठेतरी गेले होते आणि पाद्री न होता लॅटिन आणि ग्रीक तेवढं घेऊन परत आले. लग्न केलं नव्हतं. कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या भागात ते आणि त्यांची विधवा बहीण राहत. कोट उन्हाळ्यातही घालत. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट.

मी अकोल्याची. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आमचं घर, आणि गावाबाहेर काळ्या मातीचं शेत. घरात सगळे वऱ्हाडीच बोलत. लहानपणी मीही 'मले भूक लागली' असंच म्हणायचे आणि मला वेळेवर जेवायला मिळायचं. मग थोरल्या भावाचं लग्न झालं आणि पुण्याची वहिनी घरात आली. स्वभावाने वाईट नव्हती बिचारी, फक्त हसायची. मी 'मले' म्हटलं की तोंडाला पदर लावून हसायची आणि मग मायेने दुरुस्त करायची, "मले नाही गं, मला." एका उन्हाळ्यात मी 'मले' टाकलं, 'काहून' टाकलं, 'करून राहिली' टाकलं. जुने कपडे बोहारणीला द्यावेत तसं सगळं देऊन टाकलं आणि बदल्यात लखलखीत 'मला' घेतलं. आई म्हणायची, "ह्या पोट्टीले काय झालं वं? पावन्यासारखी बोलून राहिली." मला ती स्तुतीच वाटायची.

लॅटिन घेण्याचं कारण मी घरी वेगळं सांगितलं होतं. भाऊ वकील होता, त्याच्या पुस्तकांत जागोजागी लॅटिन असायचं, तेव्हा त्याला ते पटलं. खरं कारण असं की अख्ख्या अकोल्यात लॅटिन येणारी एकही बाई नव्हती. संस्कृत येणाऱ्या होत्या. वहिनीलाच यायचं. मला असं काही हवं होतं जे घरात, गल्लीत, गावात कोणाकडेच नसेल. त्यासाठी मी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात राहायला गेले. पहिल्या दिवशी नवी इरकल नेसून वर्गात शिरले. सर उभे राहिले. होय, उभे राहिले, आणि म्हणाले, "या बाई, बसा."

मी बसले. वर्ग रिकामा होता आणि सगळा माझा होता. एवढ्यात दारात सायकल आपटल्याचा आवाज झाला आणि एक मुलगी धापा टाकत आत आली.

"सर, मले उशीर झाला. सायकल पंक्चर झाली होती."

सर उभे राहिले नाहीत. खुर्चीतूनच म्हणाले, "बस पोरी, पाणी पी आधी."

त्या दिवशी मला वाटलं, जिंकले. मी 'बाई' आणि ती 'पोरी', मी 'तुम्ही' आणि ती 'तू'. हे किती उलटं आहे ते कळायला मला दोन पावसाळे लागले. सर मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणाले. मान दिला की माणूस दाराबाहेर राहतो. घरात येतं ते 'तू'.

ती अमरावतीचीच. बाप जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला, घरात ती थोरली, पाठीवर भावंडं. त्यांचं सगळं घर छप्पन सालीच बौद्ध झालं होतं. मी एकदा तिला विचारलं की तू लॅटिनच का घेतलंस. तिने जराही विचार न करता सांगितलं, "संस्कृत घेतलं असतं तं कोनी ना कोनी नाक मुरडलं असतं. पाली घेतलं असतं तं सारे म्हनले असते, बरोबर हाये, हिनं हेच घ्या लागते. लॅटिन म्हटलं का कोनाले काही बोलताच येत नाही." आणि खदखदून हसली. मला हेवा वाटला. माझ्या कारणापेक्षा तिचं कारण चांगलं होतं.

वसतिगृहातल्या मुली मला समजावायच्या, अगं तिला सवलती आहेत, फी माफ आहे, तुझी नि तिची बरोबरी कशी होईल. मला ते औषध लागू पडत नसे. फी माफ झाल्याने क्रियापदं पाठ होत नाहीत. ती माझ्यापेक्षा सरस होती, सरळ सरस होती, आणि वर्गात दोघीच असल्यामुळे हे सत्य तिसऱ्या कोणाच्या मागे लपवता येत नव्हतं. मी वसतिगृहात घोकून घोकून यायचे. ती भावंडांना आंघोळ घालून यायची आणि तरी तिला यायचं.

माझं नेमकं कुठे अडतं ते चतुर्थीच्या दिवशी दिसलं. शाळेत आपण सगळ्यांनीच 'स-ला-ते' घोकलेलं असतं. द्वितीयेलाही स-ला-ते, चतुर्थीलाही स-ला-ते. लॅटिनमध्ये मात्र या दोन विभक्ती अगदी वेगळ्या. सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मिही फ्रातेर एस्त." मी चटकन मनात इंग्रजी केलं. इंग्रजीत भाऊ 'असतो' तो माणसाच्या मालकीचा असतो, त्याला वेगळं क्रियापद लागतं. ते क्रियापद मी या तीन शब्दांत शोधत बसले आणि मला ते सापडेना. शेजारी चपला वाजल्या.

"मले भाऊ आहे," ती म्हणाली.

सरांनी टेबलावर हात मारला. "अगदी शब्दाला शब्द! मले, भाऊ, आहे. पोरी, तू इंग्रजीच्या वाटेला गेलीच नाहीस!"

मी गेले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो वळसा मी रोज घालत होते, कारण इंग्रजी माझं चांगलं होतं. 'मला भाऊ आहे' हे तर मीही घरी बोलते. पण मी 'बोलते' आणि 'शिकते' यांच्यामध्ये भिंत घातली होती. तिच्याकडे भिंतच नव्हती.

त्याच तासाला तिने तो विख्यात घोटाळा केला. 'त्याला' याला लॅटिनमध्ये 'इल्ली' म्हणतात असं सर सांगत होते. तिने हात वर केला. "सर, इल्ली म्हंजे त्याले. मंग हे 'ले' त्यायनं आपल्याच इकडून नेलं असन."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी नीट सांगितलं की असं काही नाही, हा 'ल' वेगळा, तो 'ल' वेगळा, नुसता योगायोग. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजात पसरलं होतं की रोमन लोकांनी 'ले' वऱ्हाडातून पळवला. इतिहासाचे प्राध्यापक तिला व्हरांड्यात थांबवून विचारायचे, "काय, आणखी काय काय नेलं?" मी ही चूक कधी केली नसती. माझी उत्तरं बरोबर असायची आणि माझ्या बरोबर उत्तरांची आठवण कोणी व्हरांड्यात काढत नसे. तिच्या चुकीचेसुद्धा लाड होत होते.

मग मी संत्री आणली. माझ्या मामाचा शेंदूरजनाघाटला संत्र्यांचा बगीचा होता. आंबिया बहाराच्या फळाची एक पेटीच मी हमालाच्या डोक्यावर देऊन सरांच्या घरी नेली. सरांच्या बहिणीला आनंद झाला. सर म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात, बाई." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी अर्धी पेटी एका पिशवीत भरून बाजूला ठेवली. "पोरीकडे लहान भावंडं आहेत, तिला देतो."

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसता बसता म्हणाली, "तुया मामाची संत्री गंज गोड होती. मायी माय म्हने, त्या पोट्टीले घरी घेऊन ये." तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. असतं तर किती बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, "येईन हं कधीतरी," आणि गेले नाही.

दुसऱ्या वर्षी सर रोमन लोकांबद्दल सांगताना म्हणाले, की ह्या जग जिंकणाऱ्या माणसांना ग्रीकांपुढे मात्र लाज वाटायची. आपली भाषा रांगडी, आपल्याला बोलायचं वळण नाही, असं त्यांना वाटायचं. शिकलेल्या घरांत मुलांना लहानपणापासून ग्रीक शिकवायचे, पत्रांतून मध्येच ग्रीक शब्द पेरायचे.

"म्हंजे ग्रीक लोक त्यायचे पुन्याचे हायेत काय, सर?" तिने विचारलं.

सर पुन्हा हसले. मी हसले नाही. मला त्या क्षणी आमच्या माजघरातली वहिनी दिसली, आणि मला ग्रीक हवं झालं. असं हवं झालं की दुसरं काही सुचेना. लॅटिन तर तिलाही येत होतं, मलाही येत होतं, ते अर्ध्या पेटीसारखं वाटून गेलं होतं. ग्रीक कॉलेजात शिकवतच नसत. ते सरांकडे होतं, सरांच्या घरी होतं, आणि सरांनी ते आजवर अमरावतीत कोणाला दिलं नव्हतं.

मी विचारायच्या आधी सरांनीच विषय काढला. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ते एकदा दोघींना म्हणाले, "माझे डोळे चाललेत. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, दिवसातून थोडंच वाचा. मार्चमध्ये मी निवृत्त होणार. जाण्याआधी ग्रीक कोणाला तरी द्यावं असं वाटतं. पण एकीलाच देऊ शकेन. दोघींच्या वह्या तपासायला डोळे पुरायचे नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "मी एक गोष्ट मराठीत सांगतो. दोघींनी लॅटिनमध्ये लिहून आणा. जिची बिनचूक असेल तिने घरी यावं."

गोष्ट होती दोन बहिणींची. एक विहिरीवरून पाणी आणायची, दुसरी घरात सूत काढायची. पाणी आणणारीला वाटायचं, हिचे हात कसे मऊ. सूत काढणारीला वाटायचं, हिला कसं मोकळं आकाश. बहीण बहिणीचा मत्सर करत होती, असं एक वाक्य मध्यावर होतं. सरांनी ही गोष्ट आम्हाला डोळ्यांसमोर ठेवूनच रचली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मी ती मन लावून लिहिली. एकेक शब्द तीन-तीनदा पडताळला. क्रियापदांचे काळ चोख होते. सूत आणि विहीर यांचे शब्द मी कोशातून काढले, ते तिच्याकडे नव्हते. तिने विहिरीच्या जागी नुसतं 'पाणी' लिहिलं होतं.

वर्गात आम्ही आपापली गोष्ट वाचायला लागलो. माझी आधी. सर डोळे मिटून ऐकत होते आणि मान हलत होती. मी त्या वाक्याशी आले आणि वाचलं, "सोरोर सोरोरेम इन्विदेबात."

मान हलायची थांबली. "बाई, मत्सर कोणाचा?"

"बहिणीचा, सर."

"मराठीत बहिणीचा. तुम्ही लिहिलंत ते द्वितीयेत. इंग्रजीप्रमाणे. लॅटिनमध्ये?"

मला कळेना. शेजारी चपला वाजल्या. सरांनी तिच्याकडे तोंड वळवलं.

"सोरोरी," ती म्हणाली. "चतुर्थी, सर. तुमीच सांगतलं होतं ना, हा शब्द बघन्यावरून आला. वाकडं बघनं. म्हंजे नजर लागनं. मंग नजर कोनाले लागते? बहिनीले लागते. तिलेच 'ले' लावा लागन."

"शाब्बास, पोरी," सर म्हणाले. अगदी हळू म्हणाले. मोठ्याने म्हणाले असते तर मला चाललं असतं.

म्हणजे सबंध लॅटिन भाषेत मी चुकले ती मत्सराच्या शब्दाला. जी गोष्ट मी दोन वर्षं रोज बाकावर बसून करत होते, तिची विभक्ती मला माहीत नव्हती. पुढे कळलं की संस्कृतातही ज्याचा मत्सर करायचा त्याला चतुर्थीच लागते. ते वहिनीला ठाऊक होतं. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण अकोल्यात एकटं व्हायचं म्हटलं की कोणाला विचारता येत नाही.

ती ग्रीक शिकायला जाऊ लागली. माझा वसतिगृहाचा रस्ता सरांच्या बंगल्यावरून जात नव्हता, पण मी तो तसा करून घेतला. कॅम्पातल्या कडुनिंबांखालून सायकल हळू चालवत गेलं की व्हरांड्यात ती दोघं दिसायची. सरांची बहीण एका बाजूला भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेली, सर आरामखुर्चीत, आणि ती जमिनीवर सतरंजीवर, पाटी मांडीवर घेऊन. पाटी! ग्रीकच्या अक्षरांसाठी सरांनी तिला बालवाडीतल्यासारखी पाटी आणून दिली होती. व्हरांड्यातून अ-ब-क-डसारखं काहीतरी ऐकू यायचं आणि मग हसणं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कॉलेजात ती बाकावर ओल्या बोटाने तीच अक्षरं काढायची. त्यातलं एक अगदी त्रिशुळासारखं होतं. मी खाली मान घालून बघायचे, आणि ते वाळून जायच्या आत पाठ करायला धडपडायचे.

"शिकवू काय तुले?" तिने एकदा विचारलं.

"नको," मी म्हटलं. तिच्याकडून नकोच होतं. मला ते सरांकडून हवं होतं आणि 'तू' म्हणून हवं होतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ती बाकावर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती पेढे घेऊन. तिला पोस्टात नोकरी लागली होती, आणि गंमत बघा, अकोल्याला. बापाला जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने दमा झाला होता, आणि घरात पगार आणणारं आता कोणीतरी हवंच होतं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. तिला खरंच आनंद झाला होता. सर म्हणाले, "पोरी, मार्चपर्यंत थांबता येणार नाही का?" तेव्हा ती म्हणाली, "सर, नोकरी पयून जाते. ग्रीक काही पयून जात नाई. हजारो वर्सं थांबलं, आनखी थोडं थांबन." तिने पाटी पुसून सरांच्या टेबलावर ठेवली, आणि माझ्या हातात एक पेढा जास्तीचा ठेवला.

बाकावर आता मी एकटी. जे हवं होतं ते मिळालं होतं. वर्ग पहिल्या दिवशी होता तसा रिकामा आणि माझा. चार-आठ दिवसांनी सर म्हणाले, "बाई, तुम्हाला ग्रीक शिकायचं आहे का अजून?"

मी गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी गेले. सरांच्या बहिणीने माझ्यासाठी सतरंजी घातली नाही, खुर्ची आणून ठेवली. सरांनी पुस्तक पुढे केलं. ते पान त्यांना दिसत नव्हतं, पण कुठे उघडायचं ते बोटांना ठाऊक होतं. "आम्ही इथवर आलो होतो," ते म्हणाले. आम्ही. आपण नव्हे.

मी रात्रंदिवस मेहनत करून 'आम्हां'ना गाठलं आणि मागेही टाकलं. मार्च आला, सर निवृत्त झाले, मी पहिल्या वर्गात पास झाले, आणि तरी घरी काहीबाही सांगून अमरावतीतच राहिले, त्यांच्याकडे जात राहिले. तोवर त्यांना दिसायचं पूर्ण बंद झालं होतं. मी वाचायचे, ते ऐकायचे, अर्थ विचारायचे. माझे उच्चार शुद्ध होते, असं ते स्वतः म्हणाले. पण मध्येच एखाद्या शब्दापाशी थांबून मान तिरकी करायचे, जसं काही खाली सतरंजीकडे बघताहेत, आणि म्हणायचे, "इथे पोरीने काय म्हटलं असतं बरं?" आणि पोरीने काय म्हटलं असतं ते मला कधीच सांगता येत नसे.

एके संध्याकाळी मी वाचत होते आणि 'मोइ' असा शब्द आला. लॅटिनमधल्या 'मिही'चा ग्रीक भाऊ. सरांनी विचारलं, "म्हणजे?"

मी ठरवून केलं की आपोआप झालं, ते मला सांगता येणार नाही. पुष्कळ दिवसांपासून ते जिभेवर होतं खरं. मी म्हटलं, "म्हणजे मले, सर."

त्यांच्या बहिणीचे हात शेंगांवर थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास पोरी. खरंच वाटलं.

"बाई," सर म्हणाले, आणि ते इतक्या सौजन्याने बोलले की मला आजही ते सहन होत नाही, "तुम्ही 'मला' म्हणा. तुमच्या तोंडात तेच शोभतं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, 'मले' माझंच आहे. मी जन्माची 'मले'वाली आहे, मोर्णेच्या पुरात पोहायला शिकलेली, मी ते कोणाचं उसनं आणलेलं नाही. पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'मला'च म्हणताना ऐकलं होतं आणि आंधळा माणूस आवाज विसरत नाही. मी "हो सर" म्हटलं आणि पुढचं वाक्य वाचलं. मला ग्रीक येतं. अख्ख्या अकोल्यात त्या वेळी ते येणारी मी एकटीच बाई होते. कोणी कधी विचारलं नाही ते सोडा.

नंतर सर आजारी पडले आणि मी घरी परतले. एकदा भावाची पाकिटं पोस्टात टाकायला गेले, तर तिकिटांच्या खिडकीत ती. अंगाने जरा भरली होती, केसांत अबोलीचा गजरा. मला बघून तिने मागच्या माणसांना खुशाल थांबवून ठेवलं.

"अवं, तू! सर कसे हायेत?"

"बरे नाहीत. दिसत नाही आता काहीच."

"मंग तूच वाचून दाखवत होती काय? सारं पुस्तक?"

"सारं."

"नशीबवान हाये तू," ती म्हणाली, आणि तिकिटं फाडता फाडता थांबली. खिडकीच्या जाळीतून ती माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी ओळखत होते. रोज आरशात पाहिलेलं होतं. "मले तं ते आता इसरले असन," ती म्हणाली.

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. मागे माणसं खोळंबली होती, मला निघताच आलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी मिळालेलं नव्हतं आणि मला मिळालेलं होतं, असं ती समजत होती. ते तसंच राहू द्यायला माझं काय जात होतं? पण सतरंजीकडे वळलेली सरांची ती मान डोळ्यांसमोर आली, आणि तोंडातून जे निघालं ते वहिनी यायच्या आधीच्या घरातून निघालं.

"तुले कायचे इसरतात वं?" मी म्हटलं. "शिकवून मले राहिले, अन् पाहून तुले राहिले."

तिने तिकिटं माझ्या हातात ठेवली. खिडकीखालून चपला काढल्याचा आवाज झाला, पण तिने मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी बाहेर आले आणि पायरीवर उभी राहून ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. 'तुले'. नजर जिच्याकडे जाते तिलाच 'ले'. या वेळी चतुर्थी बरोबर आली होती.